भिंतीआडची लेखणी

कर्जत-खालापूरच्या शिवेवरून पश्चिमेस गेले म्हणजे पनवेल आणि पेण ही दोन जुनी गावे लागतात, आणि या दोन्ही गावांत बेने इस्रायल समाजाची एकोणिसाव्या शतकात बांधलेली प्रार्थनामंदिरे आहेत. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून बचावलेल्या पूर्वजांची परंपरा सांगणारा हा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत कुलाबा जिल्ह्यात नांदला. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, परंतु त्यांच्या शब्बाथाच्या आड कोणी आले नाही. पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणाऱ्या या घरांतील तेरा वर्षांची मुलगी १९४२ साली उजळ माथ्याने बाजारात जाऊ शकत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच वर्षी तिच्याच वयाच्या आणि तिच्याच धर्माच्या अ‍ॅन फ्रँकवर हॉलंडात जे ओढवले त्याचे अघोरीपण मनाला भिडते.

अ‍ॅनचा जन्म १२ जून १९२९ रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. हिटलरचा अंमल सुरू होताच कुटुंब अ‍ॅमस्टरडॅमला गेले. पण १९४० साली जर्मन फौजा तेथेही आल्या, आणि मग यहुद्यांना ट्राम बंद, सायकल बंद, छातीवर पिवळा तारा सक्तीचा, अशी फर्माने निघत राहिली. ५ जुलै १९४२ रोजी थोरल्या बहिणीला, मार्गोटला, श्रमछावणीचा हुकूम आला, आणि दुसऱ्याच दिवशी हे कुटुंब वडिलांच्या कचेरीमागील खोल्यांत लपले. पुढे तेथे आठ माणसे झाली. वाटेवर पुस्तकांचे फिरते कपाट उभे राहिले. खाली वखारीत कामगार असेतो वर पाऊल वाजवायचे नाही, नळ सोडायचा नाही.

भूमिगत जीवन कर्जतकरांना अपरिचित नाही. त्याच वर्षी माथेरानचे भाई कोतवाल इंग्रज सरकारविरुद्ध लढणारा आझाद दस्ता घेऊन डोंगरात शिरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले. परंतु कोतवालांनी तो मार्ग स्वतः पत्करला होता. या बालिकेचा जन्म हाच तिचा अपराध ठरला होता.

तिच्या आशावादाचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. मला मात्र त्या आशेतील परिश्रम अधिक वंदनीय वाटतात. मार्च १९४४ मध्ये लंडनहून बोलणाऱ्या डच मंत्र्याने युद्धकाळातील रोजनिशा व पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले, ते तिने रेडिओवर ऐकले. आणि वाढदिवसाला मिळालेल्या वहीपासून आरंभ करून दोन वर्षे जे लिहिले होते ते, मे महिन्यापासून, सुट्या कागदांवर पुन्हा नव्याने लिहावयास घेतले. कोठे मजकूर गाळला, कोठे भर घातली, माणसांना टोपणनावे योजली. आईवरचा राग, सोबत लपलेल्या पीटर या मुलाविषयीची ओढ, मृत्यूचे भय, यांतले काही तिने स्वतःपासून लपविले नाही. जिला उद्याची शाश्वती नव्हती ती पंधरा वर्षांची मुलगी युद्धानंतरच्या वाचकासाठी वाक्ये घासूनपुसून ठेवीत होती. याहून धीट कृत्य मला ठाऊक नाही.

४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिसांची धाड आली. १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत दोघी बहिणी मरण पावल्या; आठांपैकी वडील, ऑटो फ्रँक, एवढेच परतले. कचेरीतील मीप गीस या बाईंनी, ज्यांनी जिवावर उदार होऊन या आठांना अन्न पुरविले होते, जमिनीवर विखुरलेले कागद उचलून न वाचता जपले होते; अ‍ॅनच्या मृत्यूची वार्ता निश्चित झाल्यावर त्यांनी ते पित्याच्या हाती दिले. जून १९४७ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले, अ‍ॅननेच योजून ठेवलेल्या नावाने.