यंत्रानें इजा झाली असतां दाद कोठें मागावी?

आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत धानाची मळणी आतां बैलांच्या पायांखालीं क्वचितच होते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, देसाईगंज या भागांत कापणी आटोपतांच मळणीयंत्रांची घरघर सुरू होते. वरोरा, राजुरा, कोरपना या कपाशीच्या पट्ट्यांत पाठोपाठ बॅटरीचे फवारणीपंप दिसतात. यंत्रानें श्रम वांचले, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सदोष यंत्रानें कोणाचा हात घेतला तर पुढें काय करावें, हें ठाऊक असलेले शेतकरी आम्हांस फार थोडे भेटले. घरचे लोक नशिबास बोल लावतात, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, आणि कंपनीचा पत्ता यंत्रावर पुष्कळदां छापलेलाच नसतो.

यवतमाळचा प्रसंग वाचकांच्या स्मरणांत असेलच. २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना त्या एका जिल्ह्यांत विसाहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों इस्पितळांत पडलीं. औषधांचें मिश्रण, पुरुषभर वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणें, अशीं कारणें पुढें आलीं. त्यांबरोबरच बारीक तुषार वेगानें उडविणाऱ्या चिनी बनावटीच्या पंपांवरही ठपका आला. सरकारनें विशेष तपास पथक नेमलें आणि पांच कीटकनाशकांची विक्री पश्चिम विदर्भांतील जिल्ह्यांत साठ दिवस बंद ठेविली. विषाच्या चर्चेंत पंपाची चर्चा मागें पडली, असें आमचें मत आहे. पुढें सप्टेंबर २०२० मध्यें एकावन्न कुटुंबांच्या वतीनें स्वित्झर्लंडांत सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार गेली, आणि दोन विधवा व एक वांचलेला शेतकरी यांनीं बासेल येथें भरपाईचा निराळा मार्ग धरला. कंपनीनें जबाबदारी नाकारली आहे. आपल्या उपयोगाच्या गोष्टी यांत दोन. तिकडील कायद्याची तीन वर्षांची मुदत संपत आली असतांना हें पाऊल पडलें. आणि त्याला आधार मिळाला तो इकडील पोलिसांनीं त्याच वेळीं करून ठेविलेल्या नोंदींचा, ज्यांत ९६ विषबाधांशीं त्या कंपनीच्या पोलो या औषधाचें नांव जोडलें होतें.

आपल्याकडे त्या वेळीं १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा चालू होता. त्यांत सदोष मालाबद्दल दाद होती. पण मालानें माणसास केलेल्या इजेची जबाबदारी निर्मात्यावर घालणारें स्वतंत्र प्रकरण नव्हतें. तें २०१९ च्या कायद्यानें घातलें व जुलै २०२० पासून तें अंमलांत आहे. घडणींत दोष, आराखड्यांत दोष, किंवा वापराच्या धोक्याची पुरेशी सूचना न देणें, यांपैकीं कशानेंही इजा, आजार वा मृत्यु ओढवल्यास निर्माता भरपाईस पात्र होतो. विनानांवाच्या मालासंबंधीं कलम ८६ आम्हांस फार मोलाचें वाटतें. निर्माता कोण हें कळत नसेल, किंवा तो परदेशांत असल्यामुळें त्याच्यावर येथला कायदा चालत नसेल, तर माल विकणारा दुकानदार स्वतः जबाबदार धरतां येतो. ‘कंपनीस विचारा’ हें उत्तर अशा वेळीं पुरत नाहीं.

शेतकरी हा ग्राहक आहे काय, असा प्रश्न प्रतिपक्ष हटकून काढतो. बियाण्यांच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं शेतकऱ्यास ग्राहक मानलें आहे. मात्र यंत्र भाड्यानें फिरविणाऱ्यांनीं १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा निकाल ध्यानांत ठेवावा. त्या महाराष्ट्रांतील कारखानदारास सदोष यंत्राबद्दल राज्य आयोगानें दिलेली भरपाई टिकली नाहीं, कारण खरेदी व्यापारी हेतूची ठरली. स्वतः राबून उदरनिर्वाहासाठीं यंत्र चालविणारा कायद्याच्या आंत बसतो. चार यंत्रें घेऊन नोकरांकरवीं धंदा करणाऱ्यास दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागेल.

आतां जी गोष्ट आपल्यांतील पुष्कळांस रुचणार नाहीं, ती सांगतों. हात बहुधा मालकाचा जात नाहीं, मजुराचा जातो. मालकाच्या संमतीनें यंत्र वापरणाराही ग्राहकच समजला जातो, म्हणून मजूर स्वतः तक्रार करूं शकतो. पण निर्मात्यानें धोक्याच्या सूचना मालकास दिल्या असतील, तर सूचना अपुऱ्या होत्या या कारणावर निर्मात्याला धरतां येत नाहीं. सूचनापत्र मालकाच्या कपाटांत आणि मजूर यंत्रापुढें, ही स्थिति येथें नडते. यंत्राचें झांकण काढून टाकलें, पट्टा बदलला, किंवा भलत्या कामास यंत्र लाविलें, तर दुकानदार सुटतो. यंत्र चालविणारा दारूच्या अंमलाखालीं असेल तर सूचनांबाबतची तक्रार तेथेंच पडते. (गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे, मोहाचीं झाडें तिच्या आधींचीं आहेत.) दुसऱ्या बाजूनें मालकावरही ओझें आहेच. मळणीयंत्रावर जायबंदी होणाऱ्या मजुरास भरपाई मिळावी म्हणून १९८३ सालीं धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि नोकरास भरपाई देण्याचें १९२३ च्या कायद्याचें तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेतलें आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेंतून मृत्यूस दोन लाख व एक हात वा डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळतात खरे. परंतु तें खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एकास. भूमिहीन मजूर त्यांत बसत नाहीं.

एखाद्या यंत्राचा सर्व मालच धोक्याचा असेल, तर तो बाजारांतून परत बोलाविण्याचा व खरीददारांस किंमत परत देवविण्याचा हुकूम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काढूं शकतें. त्यासाठीं दिल्लीस जावें लागत नाहीं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे देतां येते व चौकशी करून त्यांस प्राधिकरणाकडे अहवाल पाठवितां येतो. दहा गांवांतील दहा शेतकऱ्यांनीं एकाच बनावटीबद्दल अर्ज दिले तर त्यांस वजन येतें. पण परत मिळालेली किंमत ही इजेची भरपाई नव्हे. ज्याच्या घरीं अपघात झाला आहे त्यानें कंपनीचा माणूस यंत्र नेण्यास आला म्हणून तें लगेच हवालीं करूं नये. दोष ठरविण्यासाठीं आयोग माल मोहोरबंद करून प्रयोगशाळेंत पाठवितो. यंत्रच गेलें तर तपासावयाचें काय? दुरुस्तीही करूं नये. छायाचित्रें काढावीं, पाटीवरील अनुक्रमांक उतरून घ्यावा, पोलिस पाटलास कळवून पोलिसांत नोंद करवावी, इस्पितळाच्या कागदांत यंत्राचें नांव लिहावयास लावावें. पक्की पावती तर खरेदीच्या दिवशींच मागावी. तहसील कचेरींतील नोकरींत आम्हीं पाहिलें कीं, खरी हकीकत असलेले अर्ज कागदाअभावीं पडतात आणि साधारण हकीकतीचे अर्ज कागदांच्या जोरावर तरतात.

तक्रारीची मुदत दोन वर्षें आहे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावें लागतें. चंद्रपूर व गडचिरोली येथें जिल्हा आयोग आहेत आणि तक्रारदार जेथें राहतो तेथेंच ती दाखल होते, दुकान नागपुरास असो वा कंपनी पुण्यास. दिलेली किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं, आणि वकील लावण्याची सक्तीही नाहीं. निकाल न पटल्यास पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतें. त्याचें खंडपीठ नागपुरास आहे. सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसास जिल्ह्याच्या ठिकाणीं एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, हें आम्ही जाणतों. तेथल्या लोकांनीं संगणकावरून तक्रार दाखल करावी व सुनावणी दूरदृश्य पद्धतीनें घेण्याची विनंती त्याच अर्जांत लिहावी. प्राथमिक विचारपूस १९१५ या दूरध्वनीवर होते.