धुळीचे कूळ

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, महाराष्ट्रात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करतात. त्याच सुमारास, पोंगलच्या आदल्या पहाटे, तमिळनाडूत घरातील जुन्यापुराण्या वस्तू दारापुढे जाळण्याची चाल आहे. त्या सणालाही भोगीच म्हणतात. पूर्वी या आगीत चटया, केरसुण्या, गवत असे जिन्नस पडत. पुढे त्यांत टायर व प्लॅस्टिक यांची भर पडली. १३ जानेवारी २०१८ रोजी भोगीचा धूर व धुके यांमुळे चेन्नईच्या विमानतळावरील वाहतूक विस्कळीत झाली होती.

या धुरातील सर्वांत घातक भाग डोळ्यांना सुटा दिसत नाही. तो म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण होत. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश. माणसाचा केस अशा कणाच्या वीस ते तीस पट जाड असतो. जाड धूळ बहुतांशी नाक व घसा यांत अडते. हे कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात व हृदय आणि श्वसन यांच्या विकारांस कारण होतात. भारतात २००९ साली ठरविलेल्या मानकाप्रमाणे त्यांची वार्षिक सरासरी दर घनमीटरास ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा अवघी ५ मायक्रोग्रॅम आहे.

परंतु वजनावरून कणांचा उगम कळत नाही. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. धुळीचे मात्र दोन्ही शोधावे लागतात. त्यासाठी पंपाने हवा गाळणपत्रातून ओढतात व त्यावर साचलेल्या कणांचे पृथक्करण करतात. सिलिकॉन व अॅल्युमिनियम आढळल्यास त्यांचा उगम बहुधा मातीत असतो. पोटॅशियम लाकूड व पालापाचोळा जळाल्याची साक्ष देते. व्हॅनेडियम व निकेल ही जहाजांच्या जड तेलाकडे बोट दाखवितात. सल्फेट मात्र पुष्कळसे हवेतच तयार होते. कोळसा व तेल यांतील गंधक जळून वायू बनतो, त्याचे पुढे सल्फ्युरिक आम्ल होते व अमोनियाशी संयोग पावून त्याचे क्षाराचे कण बनतात.

चेन्नईच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूर हे उपनगर या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. त्याच्या पूर्वेस समुद्र आहे; उत्तरेस पळ्ळिकरणैची दलदल व तिच्या कडेला पेरुंगुडीची कचराभूमी आहे. एप्रिल २०२२ मध्ये ती कचराभूमी कित्येक दिवस जळत होती. अशा ठिकाणी हवेत क्लोराइड सापडले, तर ते समुद्राचे की कचऱ्याचे?

समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियमच्या सुमारे १.८ पट क्लोराइड असते. लाटांच्या तुषारांतून उडालेले मीठ हेच प्रमाण घेऊन येते. वाटेत आम्लांमुळे त्यातील क्लोराइड घटते, वाढत नाही. शिवाय त्याचे कण बहुतेक जाड असतात. म्हणून सूक्ष्म कणांत या प्रमाणाहून पुष्कळ अधिक क्लोराइड व त्याच्या जोडीस अमोनियम आढळले, तर शोध अन्यत्र घ्यावा लागतो. क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो व अमोनियाशी मिळून तो अमोनियम क्लोराइडचे कण बनवितो. हे कण ओलावा शोषून फुगतात. चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह दिल्लीच्या हवेचा अभ्यास करून २०२१ साली असे दाखविले की, तेथे हिवाळ्यात दृश्यता घटण्यास सुमारे निम्म्या प्रमाणात हे क्लोराइड कारणीभूत होते.

कूळ कळले की उपायही नेमका होतो. हवेतील शिसे पेट्रोलमधून येते हे उमगल्यावर २००० साली भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले. भोगीच्या आगीत टायर व प्लॅस्टिक टाकू नका, असे आवाहन तमिळनाडूचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करीत आले आहे, तेही याच कारणास्तव. समुद्राचे मीठ आपणास थांबविता येणार नाही. दारापुढील आगीत काय टाकावे, हे मात्र आपल्या हाती आहे.