डोळ्यातला वायू आणि खंडाळ्याचा घाट

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या माणसाच्या डोळ्याचा पडदा सरकला, तर सोलापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. सोलापूरहून परतताना वाट सपाटीची आहे. मुंबईहून येताना मात्र खंडाळ्याचा घाट लागतो, आणि शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरलेला असेल तर हा चढ डोळ्यावर बेतू शकतो.

पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, भोक पडले की डोळ्यातले पाणी मागे शिरते आणि पडदा सुटतो. भोक बुजवले तरच तो बसतो, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवले; त्याआधी अशा डोळ्याच्या नशिबी बहुधा अंधत्वच असे. आज लेसरने किंवा गोठवून भोकाभोवती व्रण करतात आणि तो पक्का होईपर्यंत वायूचा बुडबुडा भोक दाबून धरतो. मान ठरावीक बाजूलाच ठेवायला सांगतात ती याचसाठी.

समुद्रसपाटीवर भरलेला वायू घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याला, सुमारे 600 मीटरवर, साधारण सात टक्क्यांनी फुगू पाहतो. डोळ्याचे कवच मात्र फारसे ताणले जात नाही, त्यामुळे आतला दाब चढतो. चढ संथ असेल तर डोळा थोडे पाणी बाहेर टाकून जुळवून घेतो. काचबिंदू असलेल्याला ते अवघड जाते. विमानात तर हवेचा दाब 2400 मीटर उंचीइतका उतरू शकतो. तिथे बुडबुडा जवळपास एक तृतीयांशाने वाढू पाहतो, पडद्याची रक्तवाहिनी दबते आणि यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी जाते. दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेत भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड दिला, तर तो बुडबुड्यात शिरून हेच करतो. भरल्या जाणाऱ्या वायूंपैकी सल्फर हेक्झाफ्लुओराइड दोनेक आठवडे डोळ्यात राहतो, परफ्लुओरोप्रोपेन सहा ते आठ.

नजर जाण्याला इतर कारणेही आहेत: पडद्यावर व्रणाचे जाळे धरून तो पुन्हा सुटणे, जंतुसंसर्ग, वायूऐवजी भरलेल्या सिलिकॉन तेलाने वाढलेला दाब. पीतबिंदू, म्हणजे पडद्याचा मध्यभाग, आधीच सुटला असेल, तर पडदा नीट बसूनही नजर पूर्वीसारखी होत नाही. वायूचा धोका मात्र टाळता येतो, म्हणूनच तो मला अधिक खुपतो. घरी सोडताना कागदावर वायूचे नाव आणि तारीख मराठीत लिहायलाच हवी, आणि ‘गावी कसे जाणार?’ हेही विचारायला हवे.

घाटात डोळा ठणकू लागला, समोर अंधारले, तर मोडनिंबपर्यंत कळ सोसू नये. लगेच खाली उतरून डोळ्यांचे रुग्णालय गाठावे. रक्त न मिळालेल्या पडद्याची हानी दीडेक तासातच कायमची होऊ लागते.