दोन-सहाची बांगडी

माझ्या बॅगेत फायबर जोडायच्या स्प्लायसिंग मशीनशेजारी एक हिरवी काचेची बांगडी असते. माप दोन-सहा, म्हणजे आतला व्यास साधारण ६० मिलिमीटर. हाताखाली नवा पोरगा आला की आधी ती दाखवतो: भिंतीवरच्या बॉक्समध्ये फायबरचा फेरा हिच्यापेक्षा लहान झाला, तर गाठ माझ्याशी!

मुलुंड ते घाटकोपर हा माझा पट्टा. एकदा मुलुंडच्या एका सोसायटीत अख्ख्या विंगचं नेट बंद, घरोघरी लाल लाइट. भर पावसात गच्चीपर्यंत केबल तपासली, शाबूत होती. शेवटी जिन्याखालचा बॉक्स उघडला. आतले सैल फेरे कोणीतरी नीटनेटके दिसावेत म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळले होते. पट्टी कापली. प्रकाश मोजायच्या मीटरवर उणे ३१ डीबीएम होतं ते उणे २० वर आलं. जॉइंटसुद्धा मारावा लागला नाही.

त्याचं असं आहे, फायबरमधला काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा. आपला केस त्याच्या सात-आठ पट जाड. प्रकाश या गाभ्यातच कोंडलेला राहतो, पण वळण आवळलं की काचेबाहेर निसटतो. जी.६५७ए२ जातीची नवी फायबर साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळणही सोसते. जुन्या इमारतींत मात्र जी.६५२ असते, तिला ३० लागतात. नुसतं बघून जात कळत नाही, म्हणून बांगडी.

केबल बॉक्समध्ये खालून घ्यावी, आणि त्याआधी तिला झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच टपकतं. वरून घेतली की पहिल्याच पावसात ट्रेमध्ये तळं. केबलमधली लोखंडी तार बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडायची. ताण तिने घ्यायचा, काचेने नाही. आणि विजेच्या मीटरला खेटून बॉक्स लावायचा नाही, सेक्रेटरी कितीही म्हणोत.

फायबरचे कापलेले तुकडे मी झाकणाच्या बाटलीत टाकतो. गव्हाचं कुसळ निदान दिसतं, हे काचेचं कुसळ बोटात घुसलं तरी दिसतही नाही. काम संपवून हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. फायबरच्या टोकाला डोळाही लावू नये. आतला प्रकाश इन्फ्रारेड असतो, टोक काळं दिसलं तरी चालू असू शकतं.

दिवाळीआधी जिन्याला रंग काढणार असाल तर रंगाऱ्याला एवढंच सांगा: त्या बॉक्सभोवती कागद लाव, उघडू नकोस.