आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीकाठी

तंजावूरला जायचंच, तर 2-3 ऑगस्टच्या सुमारास जा! तमिळ आडी महिन्याच्या 18व्या दिवशी आडिपेरुक्कु असतो, भरून आलेल्या कावेरीचा सण. तिच्यावरच्या मेट्टूर धरणातून पाणी सोडायची रूढ तारीख 12 जून. ते वेळेवर आलं की घाटांना जीव येतो.

जवळच्या तिरुवैयारूला पुष्यमंडप घाटावर घरंच्या घरं डबे घेऊन उतरतात. चिंचेचा भात, लिंबाचा, खोबऱ्याचा, शेवटी दहीभात. बायका नदीला हळद-कुंकू, फुलं वाहतात, एकमेकींच्या गळ्यात पिवळा दोरा बांधतात. एकट्यानं गेलात तरी एकटं वाटत नाही, मन खरंच हलकं होतं. कुणी भात पुढे केला तर नको म्हणू नका. फक्त धार जोराची असते, पायऱ्या सोडू नका.