ढील नसलेला पतंग : पॉवर काइटचे पहिले धडे

पर्यटनाच्या हंगामात दुपारनंतर मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की पाण्यावर रंगीत कमानी तरंगताना दिसतात. प्रत्येक कमानीखाली, दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला, एक माणूस फळीवर उभा राहून लाटा कापीत जात असतो. पाहणाऱ्याचे लक्ष त्या फळीकडे आणि फळीवरच्या माणसाच्या कसरतीकडे जाते. वस्तुतः फळी दुय्यम आहे. सारी शक्ती वरच्या पतंगात असते आणि त्या शक्तीशी ओळख करून घेण्याचा पहिला वर्ग पाण्यात नव्हे, तर कोरड्या वाळूवर भरतो. माणसाला ओढून नेण्याची ताकद असलेला पतंग दोन किंवा चार दोऱ्यांनी ताब्यात ठेवण्याच्या या खेळाला ‘पॉवर काइटिंग’ म्हणतात. हा खेळ शिकू इच्छिणाऱ्याने पहिला पतंग विकत घेण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, याचा हा परिचय.

आपला पतंग आणि हा पतंग

पतंग उडवणे आपल्याला नवे नाही. बडोदे किंवा हैदराबाद येथे संक्रांतीला गच्चीवर वाढलेल्या मराठी माणसाला तर ते शिकवावेच लागत नाही. पण हाच आत्मविश्वास पॉवर काइटच्या बाबतीत घातक ठरू शकतो.

साध्या पतंगाला ढील देता येते. वाऱ्याचा झोत आला, की आपण फिरकी सैल सोडतो. पतंग वाऱ्याबरोबर दूर सरकतो आणि ओढ ओसरते. ढील देऊनही भागले नाही, तर दोर तुटतो. पतंग जातो, माणूस राहतो. म्हणजे साध्या पतंगाची सुरक्षितता त्याच्या सैल आणि नाजूक दोरातच असते.

पॉवर काइटमध्ये यांपैकी काहीही नसते. त्याच्या दोऱ्या ठरावीक लांबीच्या, बहुधा वीस ते पंचवीस मीटरच्या असतात. त्यांना फिरकी नसते. त्या अतिबळकट पॉलिएथिलीन तंतूंच्या असतात आणि एकेक दोरी शंभर किलोच्या घरातील ओढ सहज सोसते. झोत आला, तर सोडायला ढील नाही आणि तुटायला दोर नाही. मग उरतो एकच उपाय: हात सोडणे. या खेळाचा पहिला धडा म्हणूनच पतंग कसा धरावा हा नसून तो केव्हा आणि कसा सोडावा, हा आहे.

ब्रिस्टलच्या मास्तरांचा रथ

पतंगाला गाडी ओढायला लावण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी 1826 साली पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. घोड्यांविना धावणाऱ्या या गाडीचा पतंग चार दोऱ्यांनी वळवला जाई. पोकॉक यांनी आपली लहान मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने हवेत उचलल्याचीही नोंद आहे. हीच मार्था पुढे क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. 1903 साली सॅम्युएल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली.

आजच्या पतंगाचे रूप मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. डोमिना जालबर्ट यांनी 1964 च्या सुमारास कापडी कप्प्यांत वारा भरून पंखाचा आकार घेणारा पतंग घडवला. पॅराग्लायडरप्रमाणे दिसणारे, एकही काडी नसलेले आजचे शिकाऊ पतंग याच घराण्यातले. फ्रान्समधील लेगेनू बंधूंनी 1984 साली हवा भरून फुगवण्याच्या पतंगाचे पेटंट घेतले आणि पाण्यावरच्या खेळाचा मार्ग मोकळा झाला. न्यूझीलंडचे पीटर लिन यांनी 1990 च्या सुमारास तीनचाकी पतंगगाडी लोकप्रिय केली.

वाऱ्याची खिडकी

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोर जमिनीवर उभे केलेले एक प्रचंड घड्याळ आहे, अशी कल्पना करा. डोक्यावर बाराचा आकडा, डाव्या हाताला जमिनीलगत नऊ आणि उजव्या हाताला तीन. पतंग ज्या भागात उडू शकतो, तो हा पाव गोलाचा घुमट. यालाच जाणकार ‘वाऱ्याची खिडकी’ म्हणतात.

या खिडकीच्या कडांवर, म्हणजे नऊपासून बारावरून तीनपर्यंतच्या कमानीवर, पतंग शांत असतो. ओढ असते, पण सोसवणारी. खिडकीच्या मध्यभागी, आपल्या थेट समोर आणि जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी, त्याची शक्ती सर्वाधिक असते. नवशिक्या माणसाला कड ही विश्रांतीची जागा आणि मध्य ही धोक्याची जागा, एवढे मनात पक्के ठेवले, तरी अर्धे काम झाले. पतंग बाराच्या आकड्यावर स्थिर धरणे हा पहिल्या दिवसाचा सराव. मात्र झोताच्या वाऱ्यात डोक्यावरचा पतंगही माणसाला उचलू शकतो. तेव्हा बाराचा आकडा म्हणजे अभय नव्हे.

ओढीचा हिशेब

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की ओढ दुप्पट न होता चौपट होते. ताशी 20 किलोमीटरचा वारा 25 झाला, तर वेग पाव पटीनेच वाढतो. ओढ मात्र दीडपटीहून अधिक होते. चेहऱ्याला फारसा न जाणवणारा फरक हाताला असा जाणवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पतंगाची स्वतःची गती. तीन चौरस मीटरचा पतंग ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात स्थिर असेल, तर ढोबळ मानाने पाच-सहा किलोंची ओढ देतो. तोच पतंग खिडकीच्या मध्यातून सरसर फिरवला, तर त्याला लागणारा वारा मूळ वाऱ्याच्या कितीतरी पट होतो. तो तिप्पट झाला, तर ओढ नऊपट होते, म्हणजे पन्नास किलोंच्या आसपास. वारा बदललेला नसतो, पतंगही तोच असतो. बदललेली असते ती केवळ हाताची एक हालचाल. नवशिका माणूस घाबरून एक हात जोरात ओढतो, पतंग वळून नेमका मध्यातून खाली झेपावतो आणि माणूस तोंडावर आपटतो. बहुतेक पहिल्या अपघातांचे मूळ या एका क्षणात असते.

जागा आणि वेळ

वारा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. ते जवळ असावेच. पण डोळ्यांनीही अंदाज येतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत आहेत, हलका ध्वज पसरला आहे, समुद्रावर तुरळक पांढरे फेस दिसत आहेत, म्हणजे वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर. शिकण्यास हा उत्तम. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, म्हणजे तो विशीपलीकडे गेला. येथे नवशिक्याने सावध व्हावे. लहान झाडे डोलू लागली, की पतंग पिशवीतच राहू द्यावा.

गोव्याच्या किनाऱ्यावर शाळेच्या भूगोलातले दोन वारे प्रत्यक्ष भेटतात. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे. खारा वारा मोकळ्या पाण्यावरून येतो, म्हणून तो सलग आणि समजूतदार असतो. मतलई वारा माडांच्या बनातून आणि घरांवरून येतो. अडथळ्यामागे वाऱ्याची घुसळण त्या अडथळ्याच्या उंचीच्या दहापटीपर्यंत जाणवू शकते. पंधरा मीटरच्या माडामागे दीडशे मीटर अंतरापर्यंत वारा भरवशाचा नसतो. म्हणून पहाटेचा रिकामा किनारा कितीही मोहक असला, तरी शिकण्याची वेळ दुपारनंतरचीच.

आता अडचण अशी, की खारा वारा जमिनीकडे वाहतो. म्हणजे पतंगाचे तोंड शॅक, माड आणि माणसे यांच्याकडे. वारा किनाऱ्याला तिरका असेल, उदाहरणार्थ वायव्येकडून, तर पाण्याच्या कडेला उभे राहून पतंग किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने ठेवता येतो. तो सरळ जमिनीकडे असेल, तर ओहोटीने रुंद झालेला पुळणीचा पट्टा हवा. समोर किमान शंभर मीटर मोकळे असावे. विजेच्या तारा, रस्ता किंवा गर्दी दृष्टीच्या टप्प्यात असेल, तर ती जागा सोडावी. मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वन खात्याने राखलेल्या पट्ट्यांपासून दूर राहणे हे कायद्याचेही आणि सौजन्याचेही मागणे आहे. विमानतळाच्या परिसरात तर पतंग काढूच नये. 1934 च्या विमान कायद्याने ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगाचाही समावेश केला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

कोकणातला सडा किंवा बेळगावकडचे माळरान मोकळे दिसते, वाराही असतो. पण जांभ्या दगडावर पडणे आणि ओल्या वाळूवर पडणे यांत फार अंतर आहे. पहिले पडणे वाळूवरच असू द्यावे.

पहिला पतंग

पहिला पतंग दोन ते तीन चौरस मीटरचा, कापडी कप्प्यांचा असावा. ‘मी धिप्पाड आहे, मला मोठा द्या’ हा युक्तिवाद दुकानात ऐकू येतो. तो मोडून काढावा. मोठा पतंग सावकाश वळतो, चूक सुधारायला वेळ देत नाही आणि ओढीचा धडा इजा करून शिकवतो.

दोन दोऱ्यांचा पतंग वळवायला सोपा. चार दोऱ्यांच्या पतंगात वरच्या दोन दोऱ्या ओढीच्या आणि खालच्या दोन ब्रेकच्या असतात. चार दोऱ्यांच्या मुठींना जोडलेले मनगटपट्टे हे या खेळातले सर्वांत मोलाचे उपकरण आहे. मुठी सोडल्या, की मनगटपट्टे केवळ ब्रेकच्या दोऱ्या धरून ठेवतात. पतंगातला वारा निघून जातो आणि तो फडफडत खाली येतो. दोन दोऱ्यांच्या आणि दांड्याच्या शिकाऊ पतंगालाही अशी सुटकेची दोरी असते. ती नसलेला पतंग स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये. हेल्मेट, पायांत बूट आणि सोबत एक जाणता माणूस या पुढच्या तीन गरजा. कमरेचा पट्टा, फळी आणि गाडी ही सारी नंतरची गोष्ट.

पहिला दिवस

पतंग वाऱ्याच्या दिशेने, आपल्यापासून दूर पाठीवर पसरावा आणि त्याच्या मागच्या कडेवर वाळूचे वजन ठेवावे. दोऱ्या उलगडून त्यांतला पीळ काढावा. डावी-उजवी दोनदा तपासावी. मग मनगटपट्टे अडकवावेत आणि शेवटी मुठी हातात घ्याव्यात. हा क्रम बदलू नये.

पतंग वर काढण्याआधी मुठी सोडण्याचा सराव जमिनीवरच करावा. हातांना सोडण्याची सवय नसते. घसरणारा माणूस स्वभावतःच अधिक घट्ट धरतो. म्हणून ‘सोड’ हा शब्द सोबत्याने अचानक उच्चारावा आणि विचार न करता मुठी सुटाव्यात, इतका हा सराव व्हावा. त्यानंतर हलक्या वाऱ्यात पतंग उचलून बाराच्या आकड्यावर न्यावा. हात छातीच्या उंचीवर, कोपर अंगाजवळ, गुडघे किंचित वाकलेले. पतंग बारापासून अकरापर्यंत, मग एकपर्यंत असा सावकाश फिरवावा. उतरवताना तो कडेला नेऊन ब्रेकच्या दोऱ्या ओढाव्यात. पतंगाकडे न पाहता तो कुठे आहे हे हाताला कळू लागले, की पुढच्या वर्गात जायला हरकत नाही. पाण्यावर जायचे असेल, तर मात्र प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकाला पर्याय नाही.

संक्रांतीच्या काही सवयी येथे निक्षून टाळाव्यात. दोरी बोटाला गुंडाळू नये. उडत्या पतंगाची दोरी हाताने पकडू नये. तिला काच लावलेली नसली, तरी ताणलेली दोरी सुरीसारखी कापते. दुसऱ्या पतंगाशी पेच घेण्याचा विचारही करू नये. मुठी अंगाला बांधू नयेत. वळवाच्या दिवसांत आकाशात काळा ढग उभा राहू लागला, तर पहिली वीज चमकण्याची वाट न पाहता पतंग उतरवावा. अशा ढगापुढे धावणारा वारा काही मिनिटांत दुपटीवर जातो, आणि दुप्पट वारा म्हणजे चौपट ओढ, हे आपण वर पाहिलेच.

गच्चीवरच्या पतंगाने आपल्याला काटायला शिकवले, आणि कटल्यावर हळहळायलाही. हा पतंग कटत नाही. तो सोडायचा असतो, आणि सोडल्यावर तो जवळच वाळूवर पडून राहतो, पुन्हा उचलला जाण्याची वाट पाहत. ज्याला पहिल्याच दिवशी मुठी उघडता आल्या, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवता येते.