बर्फाच्या लादीत अडकलेली साथ

एप्रिल १९९३. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठावर असलेल्या मिलवॉकी शहरात औषधांच्या दुकानांतून जुलाबाची औषधं संपू लागली. शाळांत मुलांबरोबर शिक्षकही गैरहजर, रुग्णालयांत कर्मचारीच आजारी. ७ एप्रिलला महापौर जॉन नॉर्क्विस्ट यांनी पाणी उकळून पिण्याचं आवाहन केलं. नंतरच्या अंदाजानुसार शहर आणि परिसरात सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले. मृतांमध्ये बहुतेक जण एड्सने प्रतिकारशक्ती खचलेले होते. त्यांच्यासाठी नळाचं पाणीच जीवघेणं ठरलं.

विशेष म्हणजे या पाण्यात क्लोरीन होतं, आणि ते सरकारी मर्यादांमध्येही बसत होतं.

रोगाचं मूळ होतं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. त्याची कवचबंद बीजं अवघी ४ ते ६ मायक्रॉनची. एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर दोनशेच्या आसपास सहज मावतील. पण कवच असं चिवट, की लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू मिनिटाभरात मरतात, तर ही बीजं दहा दिवस तग धरतात. खळखळून उकळलं तर मात्र मिनिटभर पुरे.

म्हणजे इथे खरी राखण क्लोरीनची नव्हतीच. ती होती गाळण्याची. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तेच काम जलशुद्धीकरण केंद्रात मोठ्या प्रमाणावर चालतं: बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात आणि उरलेले वाळूच्या थरात अडकतात. शहराच्या दक्षिणेकडच्या केंद्रात नेमकं हेच बिनसलं. पाण्याचा गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. २३ मार्चपासून तिथल्या शुद्ध केलेल्या पाण्याचा गढूळपणा रोज चढा होता, आणि २८ मार्चला तो १.७ एनटीयूवर गेला. आरोग्य खात्याला साथीची चाहूल लागली ५ एप्रिलला. आठवडाभर आधीच केंद्रातली नोंदवही धोका सांगत होती! मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

पुरावा मिळाला तोही विलक्षण. नळातून वाहून गेलेलं पाणी कुठून परत आणणार? पण त्या केंद्राच्या पाण्यापासून २५ मार्च आणि ९ एप्रिलला तयार केलेल्या बर्फाच्या लाद्या शिल्लक होत्या. त्या वितळवून तपासल्या, तेव्हा बीजं सापडली. पुढे जनुकीय तपासणीतून कळलं, की हा प्रकार मुख्यतः माणसांत आढळणारा होता. सुरुवातीला संशय गुरांच्या शेणावर होता. आता बोट माणसांच्या मैल्याकडे वळलं.

मिलवॉकीने सरोवरातून पाणी उचलणारा नळ आणखी आत नेला आणि १९९८मध्ये ओझोन वायूने शुद्धीकरण सुरू केलं. ओझोनपुढे ते कवच टिकत नाही. अमेरिकेत पाणीपुरवठा करणाऱ्यांना आता दरवर्षी ग्राहकांना गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात शिसं, नायट्रेट, क्लोरीन यांच्याबरोबर गढूळपणाचीही ओळ असते. तिथे सरासरीपेक्षा वर्षातला सर्वांत मोठा आकडा आधी पाहावा. मिलवॉकीत घात झाला तो मोजक्या दिवसांतच.